कोण कोणाशेजारी

डोमाजी काकानं चाळीस वर्षं पंगती वाढल्या.
अडाणच्या काठी, पौषातल्या रविवारी,
गोवऱ्यांच्या आरात रोडगे फुगत असताना
तो पळसाच्या पत्रावळी मांडत जायचा
आणि कोण कुठं टेकणार
हे माणूस येण्याआधी त्याला ठाऊक असायचं.
कसं, विचारलं तर म्हणायचा, "पाहून पाहून."

मी पुण्यात हेच करते, पगार घेऊन.
वीस जातींचे मणी, एका दोऱ्यात ओवलेले.
(जात म्हणजे इथं नुसता प्रकार,
असं मी काकाला लगेच सांगितलं.
तो हसला नाही.)
दोरा पाण्यात सोडला की आपणच गुंडाळतो,
पापणी लवेपर्यंत, दर वेळी त्याच घडीत,
आणि ती घडी कोणती, ते आम्हाला सांगत नाही.
म्हणून आधी उलगडलेल्या हजारो घड्या घेऊन
आम्ही मोजत बसतो:
ल्युसिनच्या हाताशी किती वेळा व्हॅलिन,
लायसिनसमोर किती वेळा ग्लुटामेट,
सिस्टीननं सिस्टीनलाच किती वेळा धरलं.
जे वारंवार शेजारी ते स्वस्त,
क्वचित दिसतात ते महाग.
भागाकार, लॉग, उणे चिन्ह,
आणि या शिरगणतीला आम्ही ऊर्जा म्हणतो.
म्हणतो. ती ऊर्जा आहे का, यावर भांडणं आहेत.

काकानं रोडगा फोडला, राख फुंकली, तूप सोडलं.
"म्हंजे उकंडराव अन् शेषराव नेहमी सोबत बसते,
तं त्याईचं जमते, असं?"
नाही काका.
ल्युसिनचं व्हॅलिनवर काही प्रेम नसतं.
दोघांनाही पाणी नको असतं, एवढंच.
पाण्यापासून पळता पळता आत कुठंतरी भेटतात
आणि आकड्यात ती दोस्ती दिसते.
"मंग बरोबर हाये," काका म्हणाला,
"ते दोघंबी सरपंचापासून पळते."

मग भाजक सांगितला. सगळी मेख तिथं.
किती वेळा शेजारी दिसले, ते मोजता येतं.
पण कोणाचं कोणाशी काहीच नसतं,
ना ओढ, ना अढी,
तर किती वेळा दिसले असते?
त्या गावाला आमच्यात संदर्भ अवस्था म्हणतात.
ते गाव कोणी पाहिलेलं नाही.
ज्यानं त्यानं आपापलं रचलेलं,
आणि गाव बदललं की उत्तर बदलतं.

काका नदीपलीकडे पाहत राहिला.
तिकडे वेगळ्या गोवऱ्या, वेगळा धूर.
"अन् जे कधी आलेच नाही पंगतीले,
त्याईले कुठं मांडतं तू?"

शून्य, मी म्हणाले.
शून्याचा लॉग निघत नाही, गणित अडून बसतं:
ही जोडी अशक्य, किंमत अनंत.
पण अशक्य होती, की आमच्या पाहण्यात आली नाही,
हे शून्याला विचारून कळत नाही.
म्हणून रिकाम्या खणातही
आम्ही चिमूटभर खोटी मोजणी टाकतो.
थोडीच.
दार पुरतं लागू नये इतकी.

"खोटी कायची?"
त्यानं गठ्ठ्यातून एक पत्रावळ ओढली,
ओळीच्या टोकाला, नदीच्या बाजूनं ठेवली.
"मी तं दर साली एक जास्तीची मांडतो.
कोनी बसत नाही. वारा नेते."
आणि तिच्यावर एक गोटा ठेवला.

आमच्या शेतात रेंज एका बाभळीखालीच येते.
अंधार पडताना तिथं निकाल उतरला:
माझ्या सूत्रानं खऱ्या घडीला तिसरा नंबर दिलाय,
दोन बनावट घड्या तिच्या पुढं.
चूक कुठं असेल ते माहीत होतं.
मी परत त्या न पाहिलेल्या गावात शिरले,
एकेकाला उठवून पुन्हा बसवत,
आणि मागं, गोट्याखाली,
पत्रावळीची एक कड
वाजत होती.